वारी चुकलेल्यांचा माघ



मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग जिथून सुरू होतो, ते आमचे कळंबोली. लोखंड बाजारातून निघालेले ट्रेलर आणि बंदराकडे वळणारे कंटेनर यांची धडधड इथे रात्रीही थांबत नाही. या रस्त्यापासून दोन वळणे आत ज्येष्ठांसाठी बांधलेली एक वसाहत आहे. चाळीसेक माणसे, बहुतेक सत्तरी ओलांडलेली. कोणाची मुले परदेशात, कोणाची पुण्यात, कोणाला मूलच नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी मी तिथे हरिपाठाला जातो. त्यांच्यात साठीचा मीच लहान, तरी सगळे मला ‘बुवा’ म्हणतात.

जेवणघराच्या दाराशी तिथे एक फळा आहे. महिना लागला की त्या महिन्यातले दिवस त्यावर लिहिले जातात. २०२४ च्या फेब्रुवारीत फळ्यावर असे होते: १७ ला वासुदेव बळवंत फडके स्मृतिदिन, १९ ला शिवजयंती, २३ ला गाडगेबाबा जयंती, २७ ला मराठी भाषा गौरव दिन. खाली वेगळ्या रंगात रक्तदाब-तपासणी, गुडघ्यांचे व्यायाम आणि आहारावर डॉक्टरांचे व्याख्यान. तारखांचा महिना असा भरलेला होता, पण तिथींचा महिना फळ्यावर नव्हता. पाटणकडच्या एक आजी काठी टेकत फळ्याजवळ आल्या. त्यांनी तो नीट वाचला आणि मला विचारले, “बुवा, ह्यात माझी माघी कुठं हाय?”

त्यांची माघी म्हणजे माघ शुद्ध एकादशी. आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री या आपल्या चार वाऱ्या. आषाढीचा डंका मोठा, पालख्यांचा सोहळा मोठा. पण आषाढात कोकणात भाताची लावणी असते. चिखलात उभा असलेला शेतकरी पंढरीला निघणार कसा? माघात खळी उरकलेली असतात, हवा कोरडी असते, पाय चालायला तयार असतात. म्हणून कोकणच्या वारकऱ्याला माघी जवळची. आजी माहेरच्या घाटावरच्या, सासरच्या कोकणातल्या. लग्नानंतर सासूबरोबर त्यांनी माघी धरली आणि पुढे कित्येक वर्षे सोडली नाही. मग खुब्याचे हाड मोडले आणि वारी थांबली.

त्या फळ्यावर मी खडूने तिथी लिहायला घेतल्या, तेव्हा मलाच गंमत वाटू लागली. १४ फेब्रुवारीला वसंत पंचमी आली होती. त्या दिवशी पंढरपुरात विठ्ठल-रुक्मिणीचा विवाहसोहळा होतो, आणि तुकोबारायांचा जन्मदिवसही अनेक ठिकाणी याच तिथीला साजरा करतात. १९ ला शिवजयंती, आणि तीच माघ शुद्ध दशमी. याच तिथीला, गुरुवारी, तुकोबारायांना बाबाजी चैतन्यांचा स्वप्नात अनुग्रह झाला. २० ला एकादशी. २७ ला कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, आणि तीच माघ वद्य तृतीया, नरहरी सोनारांची पुण्यतिथी. शिवाशिवाय दुसऱ्या देवाकडे न पाहणाऱ्या नरहरींना विठ्ठलाच्या कमरेचे माप घेताना हरिहर एकच आहेत हे कळले, ही कथा तुम्हां-आम्हां सर्वांना ठाऊक आहे. तारीख आणि तिथी यांची अशी गाठ दर वर्षी पडत नाही. त्यातून २०२४ हे लीप वर्ष, महिन्याला एक दिवस जास्तीचा. आदल्या वर्षी अधिक श्रावण येऊन गेला होता. इंग्रजांना एक दिवस वाढवून भागते, आपल्याला अख्खा महिना वाढवावा लागतो!

पण मला सांगायचे आहे ते एकादशीचे. त्यात माझी एक चूक आहे, ती आधी सांगतो.

२०२३ ला माघी एकादशी १ फेब्रुवारीला होती. आदल्या संध्याकाळी हरिपाठानंतर मी उपवासाच्या महतीवर बोललो. बोलता बोलता रंगलो. देहाला एक दिवस कडक ठेवा, पाणीसुद्धा मोजून घ्या, असे काहीसे बोलून गेलो. श्रोत्यांमध्ये एक काका होते, साखरेचा आजार असलेले, निष्ठेचे माळकरी. दुसऱ्या दिवशी त्यांनी सकाळची गोळी नेहमीप्रमाणे घेतली आणि पोटात मात्र काहीच घातले नाही. दुपारी बाराच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणे अडखळले. तिथल्या परिचारिकेने साखर तपासली, ती फार खाली गेली होती. साखरेचे पाणी पाजले तेव्हा कुठे ते सावरले. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. उलट म्हणाले, “बुवा, एकादशी मोडली हो माझी.” ते वाक्य मला आजही टोचते.

त्या रात्री मी ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय काढला. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, नेवाशाला सांगितलेला हा ग्रंथ आपण पारायणाला बसून किती वेळा वाचतो! योग्याने कसे राहावे हे माउली तिथे सांगतात. जो जिभेचा गुलाम झाला आणि जो झोपेला विकला गेला, त्याला योग साधत नाही, हे तर आहेच. पण जो हट्टाला पेटून भूक-तहान अडवून धरतो त्यालाही तो साधत नाही, हेही तिथेच लगेच आहे. खाणे मापात, चालणे मापात, बोलणे मापात, झोप आणि जाग वेळच्या वेळी. साऱ्या उपदेशाला माप हा एकच शब्द पुरतो. मी आदल्या दिवशी जे बोललो होतो ते माउलींच्या सांगण्याच्या उलट होते. वर्षानुवर्षे पारायण करणाऱ्या माणसाला हे एका म्हाताऱ्याची साखर उतरल्यावर कळावे!

तेव्हापासून दशमीच्या हरिपाठानंतर मी एवढेच सांगतो: साखरेची, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याने उपवासाआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे, स्वतःच्या मनाने गोळी सोडू नये आणि रिकाम्या पोटी घेऊही नये. दिवसभर तूपकट साबुदाण्याची खिचडी खाणे हा साखरेच्या माणसाचा उपवास नव्हे. राजगिरा, ताक, एखादे फळ थोडे थोडे घ्यावे. पाणी प्यावे. माघस्नान म्हणून पहाटे गार पाण्याने अंघोळीचा हट्ट हृदयाच्या रुग्णाने धरू नये. ज्यांना उभे राहून पाऊल खेळवत नाही त्यांनी खुर्चीत बसून टाळ धरावा. अर्धा तास हरिपाठ मोठ्याने म्हटला की श्वास आपोआप लांबतो, हात हलतात, आणि शेजारच्याचा आवाज ऐकून आपला आवाज जुळवावा लागतो. व्याख्यानाला आलेल्या डॉक्टरांनी हे सगळे मान डोलावून ऐकले. मला मात्र दरदरून घाम फुटलेला तो चेहरा डोळ्यांपुढे होता.

१७ तारखेला फडक्यांवर बोलायचे होते. आद्य क्रांतिकारक म्हणून त्यांचे नाव सर्वांना माहीत. त्यांचे जन्मगाव शिरढोण आमच्यापासून दहा-बारा किलोमीटरवर, कर्नाळ्याच्या पायथ्याकडे, याच पनवेल तालुक्यात. जन्म ४ नोव्हेंबर १८४५. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. रामोशांना, कोळ्यांना जमवून त्यांनी केलेले बंड, १८७९ च्या जुलैत झालेली अटक, जन्मठेप, एडनचा तुरुंग आणि तिथे अन्नत्याग करून १७ फेब्रुवारी १८८३ रोजी आलेला मृत्यू, एवढे मी सांगितले. वय सदतीस. मग त्यांच्या आईची गोष्ट सांगितली. फडके तेव्हा पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते. शिरढोणला आई अत्यवस्थ असल्याचा निरोप आला. रजा मागितली, ती मिळाली नाही. शेवटी ते रजेविनाच निघाले. घाट उतरून घरी पोहोचले तेव्हा आई गेली होती.

एवढे सांगून मी थांबलो. समोरच्या खुर्च्यांवर कोणी हलेना. माझ्या लक्षात आले की मी एका क्रांतिकारकाची गोष्ट सांगत होतो आणि ही माणसे एका आईची ऐकत होती. पोराची रजा मंजूर न होणे म्हणजे काय, हे या चाळीस जणांना माझ्याहून जास्त माहीत होते. मागच्या रांगेतून एक काका हळूच म्हणाले, “त्याने निदान विचारलं तरी.” कोणी हसले, कोणी नाही.

मग मी पुंडलिकाकडे वळलो. आपला देव विटेवर का उभा, हे लहान पोरालाही ठाऊक असते. आई-बापाच्या सेवेतून पुंडलिकाला उठता येईना, म्हणून त्याने वीट फेकली आणि देवाला थांबायला सांगितले. मी हे कीर्तनात शेकडो वेळा सांगितले असेल. पण जिथे पुंडलिक नाहीत, फक्त आई-बाप आहेत, अशा जागी सांगताना जीभ जड झाली. मुलांना दोष द्यायचा नव्हता. त्यांतल्या कित्येकांनी पोटाला चिमटा काढून ही जागा घेऊन दिली आहे आणि रोज व्हिडिओ कॉलवर चौकशी करतात. कथा अर्धवट सोडून मी पसायदान सुरू केले. हे बरोबर केले की चूक, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

पाटणकडच्या आजी जाताना म्हणाल्या, “देव थांबला म्हणता. मग मी न्हाई गेले तर तो थांबंल का माझ्यासाठी?”

या प्रश्नाने मला तुकोबांचे पत्र आठवले. तुकोबारायांच्या गाथेत पंढरीनाथाला पाठवलेल्या पत्राचे अभंग वेगळे दिलेले आहेत. परंपरा अशी सांगते की, वारीचा दिवस आला आणि महाराज आजारी. उठवत नव्हते. निघालेल्या वारकऱ्यांच्या हाती त्यांनी देवाला पत्र दिले. त्यात रुसवा आहे, लाडिक तक्रार आहे, आपल्याला का विसरलात अशी विचारणा आहे. ज्या तुकोबांना आपण वारीचे दैवत मानतो, त्यांचीही वारी चुकली होती! देहाला निघवले नाही तेव्हा त्यांनी शब्द धाडले.

दुसऱ्या दिवशी मी वहीची पाने घेऊन गेलो. ज्यांना लिहायचे होते त्यांनी लिहिले, ज्यांचे डोळे चालत नव्हते त्यांचे मी लिहून घेतले. मजकूर सांगत नाही, तो ज्याचा त्याचा. एवढेच सांगतो की एकाही पत्रात कोणी आयुष्य वाढवून मागितले नव्हते. साखर उतरलेल्या काकांनी अर्धा कागद लिहिला आणि बराच वेळ दुमडत बसले. आजींनी सांगितलेले पत्र तीन ओळींचे. त्यांतली एक ओळ सासूबद्दल होती.

१९ ला पहाटे पनवेलच्या आगारातून एसटी धरली. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ च्या ऑगस्टपासून एसटीचा प्रवास फुकट आहे, त्यामुळे गाडीत माझ्याहून थोर वारकरी पुष्कळ होते. सुमारे सव्वातीनशे किलोमीटरची वाट. संध्याकाळी चंद्रभागेच्या वाळवंटात टाळ घुमत होते, पताका दिसत होत्या, जुने सोबती भेटले. एकादशीला दर्शनाची रांग फार लांब. मी मुखदर्शन घेतले आणि महाद्वारी येऊन नामदेव पायरीशी तो गठ्ठा टेकवला. शेजारी चोखोबांची समाधी. मंदिराच्या आत पाऊल टाकू न दिलेल्या माणसाची जागा तिथे दाराबाहेरच आहे. आत जाता न येणाऱ्यांची पत्रे ठेवायला मला दुसरी योग्य जागा सुचली नाही.

पत्रे चंद्रभागेत सोडायचा विचार क्षणभर आला होता. पण २३ ला कोणाची जयंती आहे ते आठवले. १८७६ मध्ये याच तारखेला जन्मलेले गाडगेबाबा पंढरपूरला यात्रेत यायचे ते खराटा घेऊन. देवळात जाण्याऐवजी वाळवंट झाडायचे, रात्री कीर्तन करायचे. गोरगरीब यात्रेकरूंच्या डोक्यावर छप्पर हवे म्हणून त्यांनी ठिकठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या, आणि पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. नदीत कागदांचा गठ्ठा टाकताना त्या म्हाताऱ्याने मला पाहिले असते तर खराट्याचा दांडा पाठीत बसला असता. गठ्ठा पिशवीत घालून परत आणला.

बुक्का, चुरमुरे, बत्तासे आणि तुळशीची दोन माळा घेऊन मी २३ ला वसाहतीत गेलो. त्या दिवशी तिथल्या मंडळींनी गाडगेबाबांच्या नावाने अंगण झाडायचे ठरवले होते. ज्यांना वाकवत नव्हते त्यांना लांब दांड्याचे झाडू दिले होते. साखरवाले काका झाडता झाडता हरिपाठ म्हणत होते, आणि मधेच थांबून सकाळची गोळी आणि नाश्ता दोन्ही घेतल्याचे मला मुद्दाम सांगत होते.

आजींना बुक्का लावला. त्यांनी पत्र परत मागून घेतले, पदराच्या टोकात बांधले. उत्तर आले का, असे मला विचारतील म्हणून मी मनात काहीबाही जुळवत होतो. त्यांनी विचारले ते वेगळेच.

“चैत्रीला कोण जातंय? तुम्ही जाणार असाल तर कागद जरा मोठा आणा.”