आचंद्रार्क आणि औटघटका

शाश्वत, चिरस्थायी, आचंद्रार्क हे शब्द कानीं पडले कीं दरबार, देवालय किंवा वडिलांचा आशीर्वाद आठवतो. त्यांचे विरुद्धार्थी शब्द मोजूं गेल्यास क्षणिक, नश्वर, क्षणभंगुर यांच्या जोडीला घटकाभर, अळवावरचें पाणी, औटघटकेचें राज्य हे घरगुती शब्दही पुढें येतात. या दोन रांगांत महाराष्ट्राच्या इतिहासाचा एक भाग सांठविलेला आहे.

‘औट’ म्हणजे साडेतीन. संस्कृत अर्धचतुर्थ, प्राकृत अद्धुट्ठ आणि मराठी औट अशी त्याची परंपरा. जुन्या शाळांतून पावकी-निमकीबरोबर औटकी घोकून घेत, ती हीच. अहोरात्राच्या घटका 60 आणि एक घटका 24 मिनिटांची. म्हणजे औटघटका 84 मिनिटांची झाली. बुडाशीं बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडीत. ती भरून बुडाली कीं एक घटका संपे. अशी वाटी साडेतीन वेळां बुडेपर्यंत ज्याचा अंमल, तें औटघटकेचें राज्य.

‘क्षण’ शब्दालाही एके काळीं असेंच माप होतें. अमरकोशाप्रमाणें 12 क्षणांचा एक मुहूर्त. मुहूर्त 48 मिनिटांचा, म्हणून क्षण 4 मिनिटांचा. बोलण्यांत मात्र पापणी लवण्याइतक्या काळालाच क्षण म्हणतात.

आतां दुसरी रांग पाहावी. आचंद्रार्क म्हणजे चंद्रसूर्य असेपर्यंत. शिलाहार व यादव राजे भूमिदानाच्या लेखांत हा शब्द घालीत. उत्तर कोंकणांतील शिलाहारांचें राज्य 13 व्या शतकांत यादवांनीं घेतलें, आणि यादवांचें 14 व्या शतकाच्या आरंभीं दिल्लीच्या सुलतानांनीं बुडविलें. पुढें मराठ्यांच्या सनदांतून इनामें पुत्रपौत्रादि वंशपरंपरेनें दिलीं जात. 1818 सालीं पेशवाई संपली, आणि 1852 च्या कायद्यान्वयें इनाम कमिशनपुढें इनामदारांना आपला हक्क शाबीत करावा लागला. ज्यांचा पुरावा मान्य झाला नाहीं, त्यांच्या जमिनींवर सरकारी आकार बसला. सनदेंतील ‘वंशपरंपरा’ जागच्या जागीं होती. ती पाळणारें राज्य मात्र उरलें नव्हतें.

मग आचंद्रार्क लिहिणारे भोळे होते काय? तसें दिसत नाहीं. शिलाहारांच्या कित्येक ताम्रपटांत संपत्ति, तारुण्य आणि जीवित हीं टिकणारीं नव्हेत असें आधीं सांगितलें आहे. त्यानंतर दान दिलें आहे, आणि शेवटीं पुढच्या राजांनीं तें पाळावें अशी विनंति केली आहे. क्षणभंगुर आणि आचंद्रार्क या परस्परविरुद्ध कल्पना एकाच पत्र्यावर कोरल्या आहेत. आपलें राज्य जाणार हें दात्याला ठाऊक होतें. म्हणूनच आपल्यामागून येणाऱ्या अनोळखी राजाच्या हातीं त्यानें आपला शब्द सोंपविला.