वहिवाट आणि वैद्यक

१९९८ साली मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील १,५१,५३८ स्त्रिया एका वैद्यकीय चाचणीच्या कक्षेत आल्या. वय ३५ ते ६४. वस्त्यांचे वीस समूह पाडण्यात आले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची वाटणी झाली. दहा समूहांतील ७५,३६० स्त्रियांना दर दोन वर्षांनी गर्भाशयमुखाची तपासणी देऊ करण्यात आली. उरलेल्या दहा समूहांतील ७६,१७८ स्त्रियांना कर्करोगाची माहिती एकदा सांगण्यात आली, आणि पुढे त्यांच्यापैकी कुणाला रोग होतो, कोण मरते याची नोंद ठेवण्यात आली. या दुसऱ्या भागाला शास्त्राच्या भाषेत 'नियंत्रण गट' म्हणतात. चाचणी परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची होती. पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा होता.

निकाल २०१३ मध्ये शिकागोच्या परिषदेत जाहीर झाला. तपासणीच्या गटात या रोगाने ६७ स्त्रिया दगावल्या, नियंत्रण गटात ९८. मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले म्हणून जगभर टाळ्या पडल्या. टाळ्यांत तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही. गर्भाशयमुखाला पातळ ॲसेटिक ॲसिड लावायचे, बिघडलेला भाग पांढरा दिसतो. हे काम दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक स्त्रियांनी चार आठवड्यांच्या प्रशिक्षणावर केले. गरीब देशाला परवडणारी ही रीत आहे आणि ती सिद्ध करणारे डॉक्टर आपल्या व्यवसायातील कामसू माणसे होती. म्हणूनच प्रश्न व्यक्तींचा उरत नाही. तो विचाराचा आहे.

कर्करोग होण्याआधीच तो ओळखता येतो, ही गोष्ट १९९८ साली नवी होती काय? पॅपानिकोलाऊ यांची तपासणी १९४० च्या दशकातली. फिनलंड, आइसलंडसारख्या देशांनी १९६० च्या दशकात सर्व स्त्रियांना तपासायला सुरुवात केली आणि मृत्यू उतरले. तेथे कुणी निम्म्या स्त्रियांना बाजूला बसवून त्यांचे मरण मोजले नाही. मुंबईतही पैसेवाल्या बाईला ही तपासणी मिळतच होती. मग नव्या स्वस्त रीतीची तुलना या जुन्या तपासणीशी का केली नाही? 'काहीच नाही'शी का केली?

यावर समर्थकांचे उत्तर असे: पॅपला प्रयोगशाळा लागते, तज्ज्ञ लागतात, भारतात राष्ट्रीय तपासणी कार्यक्रम नाही, या स्त्रियांना प्रचलित सेवेनुसार काहीच मिळत नव्हते, म्हणजे नियंत्रण गटाने काही गमावले नाही. घाटकोपरच्या ज्या महाविद्यालयात मी इतिहास शिकवतो, तेथे एका विद्यार्थ्याने हेच मला साध्या शब्दांत विचारले, "सर, आधी काही नव्हतंच, मग त्यांचं गेलं काय?" प्रश्न प्रामाणिक होता.

मी त्याला महाडचा खटला वाचायला सांगितला. १९२७ च्या सत्याग्रहानंतर सवर्ण वादी बाबासाहेबांविरुद्ध कोर्टात गेले. त्यांचा आधार कोणता? वहिवाट. अस्पृश्यांनी चवदार तळ्याचे पाणी कधी घेतलेच नाही, म्हणून त्यांना ते न देण्यात अन्याय नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही अनादि वहिवाट सिद्ध होत नाही असे सांगून दावा फेटाळला. 'प्रचलित सेवा' हा शब्द मला त्या वहिवाटीचा वैद्यकीय अवतार वाटतो. ज्याला वंचित ठेवले त्याच्या वंचनेचेच मोजमाप लावायचे, आणि त्या मापाने त्याचे काही कमी झाले नाही असा हिशेब मांडायचा! हेलसिंकी जाहीरनाम्याची १९७५ ची टोकियो येथील दुरुस्ती नियंत्रण गटातील रुग्णालाही सिद्ध झालेले सर्वोत्तम निदान व उपचार मिळाले पाहिजेत असे म्हणत होती. तिथे रुग्णाच्या पत्त्याची अट नव्हती.

मुंबई एकटी नाही. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, आणि तमिळनाडूच्या दिंडिगुलमध्ये अशाच चाचण्या झाल्या. उस्मानाबादेत नियंत्रण गटाला स्थानिक रुग्णालयात तपासणी कोठे मिळेल एवढे सांगितले गेले. एरिक सुबा या अमेरिकन डॉक्टरांनी २०१४ साली 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'मध्ये तिन्ही चाचण्यांची बेरीज मांडली: तपासणीविना ठेवलेल्या स्त्रिया १,३८,६२४, त्यांतील या रोगाचे मृत्यू २५४. संशोधकांनी त्याच नियतकालिकात आपली बाजू मांडली. वाद झाला तो इंग्रजीत. ज्यांच्या आया-सासवा त्या आकड्यात आहेत त्यांच्यापर्यंत तो कुणी नेला नाही.

त्याआधी, १९७६ पासून, दिल्लीत भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या अभ्यासात तर गर्भाशयमुखात बिघाड सापडलेल्या १,१५८ स्त्रियांवर उपचार न करता तो कसा वाढतो हे पाहिले गेले. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या रुग्णालयातील असाच प्रकार १९८७ मध्ये दोन स्त्री लेखिकांनी मासिकातून उघड केला. तेथे चौकशी बसली, रुग्णांच्या हक्कांचे कायदे बदलले. दिल्लीचे प्रकरण १९९७ मध्ये छापून आले. तशी चौकशी इथे बसली नाही.

चाचणीने सिद्ध केलेली रीत केंद्र सरकारने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत घेतली: तीस वर्षांवरील स्त्रीची पाच वर्षांतून एकदा तपासणी. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी अवघ्या १.९ टक्क्यांनी आयुष्यात कधीतरी ही तपासणी करून घेतल्याचे आढळले. माझ्या वर्गातील मुलींच्या आया मुलुंड-घाटकोपरच्या इमारतींत चार-चार घरची धुणीभांडी करतात. परळला जायचे तर एक खाडा पडतो, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. दुखत नसताना कोण जाईल? तपासणी तर दुखत नसतानाच करायची असते.