चाल बोलते

आम्ही चंद्रपुरात भाड्याच्या घरात राहायला गेलो तेव्हा बाबांनी सामान उतरवण्याआधी काठीने स्लॅब ठोकून पाहिला होता. घरमालक बघतच राहिला. बाबा कोळशाच्या खदानीतले; तिथे छताला 'चाल' म्हणतात. काठीच्या लोखंडी टोकाने ठोकल्यावर खणखणीत आवाज आला तर चाल पक्की. 'ढब' असा आवाज आला की वरचा थर सुटलाय समजायचं. मग टेकू लावायचा, नाहीतर सब्बलीने तो थर पाडायचा. तेवढाही वेळ नसेल तर पळायचं. बाबा हे कुठल्या वर्गात शिकले नव्हते. त्यांना ते त्यांच्या आईने शिकवलं.

आजीकडे खदानीचा सगळा इतिहास होता, फक्त सनावळी नव्हती. ती मी नंतर पुस्तकांतून जुळवली. तिच्या सासऱ्यांची गोष्ट सगळ्यात जुनी. इंग्रज सरकारची वरोऱ्याची कोळसा खाण 1906 साली बंद झाली. नवं काम शिकवायचा प्रश्नच आला नाही. बल्लारपूरला कोळसा निघू लागला होता. बायको, दोन पोरं, एक शेळी आणि सब्बल घेऊन पणजोबा चालत निघाले. आजीच्या सांगण्यात या वाटेला कधी चार दिवस लागत, कधी आठ. अंतर साठेक किलोमीटर; शेळी धरूनही मला चारच खरे वाटतात.

आजी स्वतः खदानीत उतरली ती लढाईच्या दिवसांत. बायकांना जमिनीखाली काम करायला बंदी घालण्याचे नियम 1929 साली झाले आणि 1937पर्यंत कोळसा खाणींतल्या बायका वर आल्या होत्या. पण महायुद्धात कोळसा कमी पडू लागला आणि ऑगस्ट 1943मध्ये आमच्या मध्य प्रांतात ती बंदी उठली. आजोबा कोळसा पाडायचे, आजी टोपल्याने टब, म्हणजे रुळांवरचा कोळशाचा डबा, भरायची. वर्षाचे माझे बाबा वर शेजारणीकडे. अंधार, घाम, उंदीर हे ती दोन वाक्यांत उरकायची. मजुरीवर आली की मात्र सावरून बसायची. "तुह्या आज्याले जेवढे, तेवढेच मले. पैसा कमी नाई."

हा समान मजुरीचा मुद्दा दिल्लीच्या कायदेमंडळात 1944 साली मांडला गेला होता. बंदी का उठवली, याचा जाब तिथे सरकारला विचारला गेला आणि उत्तर द्यायला उभे राहिले व्हाइसरॉयच्या मंडळातले मजूरमंत्री, डॉ. बाबासाहेब आंबेडकर. बायकांना पुरुषांइतकाच दाम मिळतो, हे त्यांनी तिथे ठासून सांगितलं. आजीला याची गंधवार्ता नव्हती. तिचे बाबासाहेब म्हणजे 16 ऑक्टोबर 1956ला चंद्रपुरात दीक्षा द्यायला आलेले बाबासाहेब. त्या गर्दीत ती होती. कायदेमंडळातलं ते उत्तर मी वाचलं तोवर आजी गेली होती. तिला सांगायला मिळालं नाही, याची चुटपुट अजून आहे.

फेब्रुवारी 1946मध्ये बंदी परत आली. आजी वर आली आणि कोळशातला दगड वेचायच्या कामाला लागली. मजुरी घसरली. कोणी काही शिकवलं नाही. पहिल्या दिवशी मुकादमाने ढिगाकडे बोट दाखवलं, झालं. हातात घेऊन जड लागतो तो दगड, हे तिचं तिनेच ओळखलं. शंका आली तर ती ढेकूळ ढेकळावर आपटून आवाज घ्यायची.

बाबा लोडर झाले. टोपलं तेच, टब तेच. 1 मे 1973ला खाणी सरकारच्या झाल्या, दोन वर्षांनी वेस्टर्न कोलफील्ड्स ही सरकारी कंपनी आली आणि पगाराची पावती मिळू लागली. मग खाली यंत्रं उतरली. लोडरचं टोपलं गेलं आणि त्याच्या जागी एसडीएल आलं: पट्ट्यांवर सरकणारं, बादलीने कोळसा उचलून बाजूला ओतणारं विजेचं यंत्र. पन्नाशीतल्या बाबांना व्होकेशनल ट्रेनिंग सेंटरच्या बाकावर बसवलं. सहीपुरतं लिहिता येणारा माणूस. फळ्यावर तेलदाबाच्या नळ्यांची आकृती. शिकवणारे सर माझ्या वयाचे, बाबांना 'काका' म्हणायचे. बाबांनी आकृती सोडून दिली आणि पंपाचा आवाज पाठ केला. तेल कमी पडलं की पंप कसा किंचाळतो, हे घरी जेवताना तोंडाने करून दाखवायचे. तोंडी परीक्षेत पास झाले.

पण त्या यंत्रावर त्यांचा एक राग कायम राहिला. "एवढा गलका करते, चाल बोलली तं ऐकू कसी येईन?"

पुढे उघड्या खाणी वाढल्या आणि चालच राहिली नाही, वर आभाळ. डंपर चालवणारी बरीचशी पोरं आता ठेकेदाराची. ऐंशीच्या दशकात कोल इंडियात, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या वरच्या सरकारी कंपनीत, साडेसहा लाखांच्या घरात माणसं होती, आज सव्वादोन लाखांच्या आसपास आहेत. आणि कोळसा तेव्हापेक्षा कितीतरी जास्त निघतो. खाण बंद झाल्यावर काय शिकायचं, याचे अर्ज मी पाहिलेत. 'अनुभव' या रकान्यात वर्षांचा आकडा मावतो. कानाला तिथे जागा नाही.

नागपूरजवळ सावनेरला 2016मध्ये खाण पर्यटन सुरू झालं. तिथे जमिनीखालच्या खाणीची प्रतिकृती आहे. रिटायर झालेल्या बाबांना मी हौसेने घेऊन गेले. फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीत ते गप्प होते. टब पाहिला, टेकू पाहिले, एका टेकूला हात लावून मान हलवली. मग सवयीने छत्री उलटी धरली आणि दांड्याने चाल ठोकली.

ढब.

"मांगं सरक!" ते एवढ्या जोरात ओरडले की पुढची शाळेची पोरं थबकली. माझं मनगट त्यांनी धरलं होतं ते बाहेर, उन्हात आल्यावरच सोडलं.