उघड्या गाडीचे दुसरे धनी

इंग्लंडात ऑक्सफर्डनजीकच्या ॲबिंग्डन गावी १९२९ पासून ज्या कारखान्यात एम.जी. नावाच्या मोटारी घडवल्या जात असत, त्या कारखान्याला १९८० च्या ऑक्टोबरात टाळे लागले, तेव्हा दोनच माणसांची, बिनछपरी आणि चपळ अशी जी एक मोटारींची जात युरोप-अमेरिकेच्या रस्त्यांवर अर्धे शतक दिमाखाने वावरली होती, ती आता निर्वंश झाली असे बहुतेकांनी गृहीत धरले. हा समज निराधार नव्हता. १९४५ ते १९४९ या काळात त्या कारखान्याने ‘टी.सी.’ जातीच्या दहा हजार गाड्या बांधल्या, त्यांपैकी सुमारे दोन हजार अमेरिकेत गेल्या, आणि तेवढ्यावर त्या मुलखात असे वेड पसरले की पुढे ट्रायम्फ, ऑस्टिन-हीली इत्यादी इंग्रज कारखानदारांची भिस्त मुख्यत्वे अमेरिकन गिऱ्हाइकावरच राहिली. साहजिकच अमेरिकेत अपघात-सुरक्षेचे आणि धुराचे कायदे कडक होताच, लंडनपेक्षा वॉशिंग्टनच्या फर्मानांचाच या गाड्यांना अधिक धाक पडला. १९७४ नंतरच्या ‘एम.जी.बी.’ला काळे, जाड रबरी बंपर लावण्यात आले, तिची उंची वाढवली गेली आणि तिच्या इंजिनाचा दमही कमी करण्यात आला. अमेरिकन कारखानदारांनी तर भावी कायद्यांच्या नुसत्या आवईनेच उघड्या गाड्या आवरत्या घेतल्या, आणि १९७६ साली कॅडिलॅकने आपली ‘एल्डोराडो’ ही अमेरिकेतली अखेरची उघडी गाडी म्हणून विकली. ती अखेरची ठरली नाही, ही गोष्ट निराळी!

यापुढे ज्याला असली गाडी हवी असेल त्याने जुनीच घ्यावी, तिचे गळणारे तेल आणि गळणारे छत यांसह घ्यावी, असा शिरस्ता पडला. या प्रकाराचा इतिहास लिहिणारे बहुधा नव्याकोऱ्या गाड्यांची नोंद करून थांबतात. परंतु माझ्या मते ही परंपरा जिवंत ठेवली ती दुसऱ्या आणि तिसऱ्या धन्यांनी. उघडी गाडी ही घरातली दुसरी गाडी असते, थंडी-पावसाचे महिने ती झाकून ठेवलेली असते, आणि म्हणूनच दहा-बारा वर्षांनंतरही ती पुष्कळदा कमी चाललेल्या अवस्थेत बाजारात येते. सामान्य मिळकतीच्या माणसाला हा शौक परवडतो तो या वहिवाटीमुळेच.

या जातीचा पुनर्जन्म झाला तो मात्र जपानात. बॉब हॉल नावाच्या अमेरिकन मोटार-पत्रकाराने १९७९ साली माझदा कंपनीच्या केनिची यामामोतो यांना, जुन्या इंग्रजी धर्तीची हलकी उघडी गाडी तुम्ही बांधा, असे सुचवले. पुढे हॉल त्याच कंपनीच्या चाकरीत शिरले आणि यामामोतो तिचे अध्यक्ष झाले. या गाडीचा पहिला चालता नमुना इंग्लंडातील वर्दिंग येथे बांधण्यात आला आणि १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता बार्बराच्या रस्त्यांवर फिरवून पाहण्यात आला. प्रकल्पाचे प्रमुख तोशिहिको हिराई यांनी स्वार आणि घोडा यांचे एकदेहत्व हे तत्त्व आपल्या कारागिरांपुढे ठेवले. त्यांनी १९६२ च्या ‘लोटस एलान’चा बारकाईने अभ्यास केला, वजनाचा काटेकोर जमाखर्च मांडला आणि निकासनळीचा आवाजसुद्धा जुळवून घेतला. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात ‘एम.एक्स.-५ मियाटा’ प्रकट झाली. तिची किंमत तेरा हजार आठशे डॉलर होती, आणि ती घेण्यासाठी लोकांनी विक्रेत्यांना वर नजराणेही मोजले.

या पहिल्या पिढीची गाडी बाळगणारा मनुष्य जेव्हा ती विकून २००५ नंतरची, परंतु कोणीतरी वापरलेली, तिसऱ्या पिढीची गाडी घेतो, तेव्हा त्याची अवस्था दुसऱ्याच्या मांडीला सरावलेला घोडा विकत घेणाऱ्या शिलेदारासारखी होते. लगाम तोच, रिकीबही तीच, परंतु जनावर आपल्याला अद्याप ओळखत नाही. जुन्या गाडीत दिव्याची कळ दाबली की नाकावरचे दोन डोळे वर उचलले जात. १९९८ च्या दुसऱ्या पिढीपासूनच ते नाहीसे झाले, आणि पहिल्या संध्याकाळी त्यांची उणीव जाणवल्यावाचून राहत नाही. जुन्या छताची मागची खिडकी प्लास्टिकची होती. छत उतरवण्यापूर्वी तिची चेन (झिप) उघडून ती सपाट निजवावी लागे, नाही तर तिला मोड पडे, आणि काही वर्षांत ती पिवळी पडून मागचे जग धूसर दिसू लागे. दुसऱ्या पिढीने तेथे काच आणि ती तापवणाऱ्या तारा बसवल्या. तिसऱ्या पिढीत तर मधला एकच अडसर काढला की सगळे छत दुमडून आपल्याच पाठीचे झाकण होऊन बसते. कोरड्या छताला आणि नितळ काचेला जो मनुष्य ऐषआराम म्हणून नाक मुरडतो, तो पावसात फारसा हिंडलेला नसावा असे मला वाटते.

मात्र खरा पालट अंगाला कळतो. इंजिन १.६ लिटरवरून २ लिटरचे झालेले, चढावर गिअर बदलण्याची निकड उणावलेली, दरवाजे उंच, आसन खोल, आणि गाडीचा सांगाडा इतका ताठ की खड्ड्यावरून जाताना समोरच्या काचेच्या चौकटीला जो थरकाप होई तो जवळपास ऐकूच येत नाही. जुन्या गाडीत ताशी ऐंशी किलोमीटरला जो पराक्रम वाटे, तो येथे वाटण्यासाठी कायद्याची मर्यादा ओलांडावी लागते, ही हानी मी लहान मानत नाही. वजनही दीड-दोन मणांनी नव्हे, त्याहून पुष्कळ अधिक वाढलेले.

कारखान्यालाही हे उमगलेले दिसते. २०१५ मध्ये विक्रीस आलेल्या चौथ्या पिढीतून त्यांनी सुमारे शंभर किलो वजन उतरवले. जपानात विकलेल्या दीड लिटरच्या गाडीचे वजन ९९० किलोपर्यंत आणले, आणि लांबीत तर तिला पहिल्या पिढीहूनही आखूड केले. सुकाणू मात्र आता विजेच्या साहाय्याने वळते, आणि रस्त्याची बातमी हाताला पूर्वीइतकी तपशीलवार मिळत नाही, अशी जुन्या धन्यांची कुरबूर चालूच असते. २०१६ च्या एप्रिलमध्ये या गाडीची एकूण संख्या दहा लाखांवर गेली. पुढच्याच वर्षी कंपनीने जपानातील धन्यांसाठी पहिल्या पिढीच्या गाड्या स्वतः दुरुस्त करून देण्याची तजवीज जाहीर केली. त्यासाठी बंद पडलेले सुटे भाग, घडीचे छत, लाकडी सुकाणूचक्र आणि मूळ मापाचे टायर ही सारी सामग्री पुन्हा नव्याने घडवावी लागली.