सोन्यात दिसलेली पेशी, कृमीत सापडलेला रेणू

आजच्या धाग्यात लढाई नाही, तहही नाही. यकृतातील तंतुवाढ, म्हणजेच फायब्रोसिस, कशी घडते हे उलगडत गेल्याचा हा इतिहास. त्याचे दोन प्रवाह फार उशिरा एकत्र आले.

पहिला प्रवाह १८७६चा. कार्ल कुप्फर हे जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ यकृतातील मज्जातंतू शोधत होते. सुवर्ण क्लोराइडने रंगवलेल्या छेदांत त्यांना दिसल्या ताऱ्यासारख्या पेशी. पुढे १८९८ मध्ये रक्तातील कण गिळणाऱ्या निराळ्याच पेशी पाहून 'याच त्या' असे त्यांनी मानले. परिणामी त्यांचे नाव भलत्याच पेशींना चिकटले, ते आजतागायत! जपानच्या केन्जिरो वाके यांनी १९७१ मध्ये तीच जुनी सुवर्णपद्धती वापरून हा घोळ निस्तरला. (आपण मूळ कागदपत्रांकडे परत जातो ना, अगदी तसेच.) तारकापेशी वेगळ्या आहेत आणि त्या 'अ' जीवनसत्त्व साठवतात, हे त्यांनी दाखवले.

मात्र हिपॅटायटिसने वा मद्याने यकृताला वारंवार इजा झाली, की याच पेशी आपला साठा गमावून कोलॅजेनचे तंतू निर्माण करू लागतात. मऊ यकृत कठीण होत जाते. शेवटची पायरी सिरोसिस.

दुसरा प्रवाह १९९३चा. अमेरिकेत व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या कृमीचा अभ्यास करत होते. तेथे सुमारे २२ घटकांचा इवलासा आरएनए सापडला. तो स्वतः प्रथिन घडवत नाही. दुसऱ्या जनुकाच्या संदेशाला चिकटून त्याचे प्रथिन बनणे रोखतो. ही कृमीचीच खोड असावी, अशा समजुतीने त्याकडे फारसे कुणी पाहिले नाही. २००० मध्ये असाच दुसरा रेणू माणसातही आढळला आणि चित्र पालटले. या दोघांना नोबेल मिळाले ते २०२४ मध्ये.

२०११ साली जर्मनीतील आखेन येथील संशोधकांनी दाखवले, की उंदरांच्या व रुग्णांच्या तंतुग्रस्त यकृतात 'मिर-२९' हा मायक्रोआरएनए घटलेला असतो. एरवी तो कोलॅजेनच्या संदेशाला लगाम घालतो. इजेनंतर टीजीएफ-बीटा हे संकेत-प्रथिन तारकापेशींतील त्याचे प्रमाण उतरवते आणि लगाम सुटतो. तंतू कोण निर्माण करतो, हे ठाऊक होते. त्याला आजवर कोण आवरत होते, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो.

या ज्ञानातून फायब्रोसिसवरचे मान्यताप्राप्त औषध मात्र अद्याप निघालेले नाही. यकृतात विपुल असणारा 'मिर-१२२' हिपॅटायटिस सी विषाणूच्या पथ्यावर पडतो, म्हणून त्याला अडवणारे औषध रुग्णांवर तपासले गेले. पण तो रेणूच काढून टाकलेल्या उंदरांच्या यकृतात तंतुवाढ झाली आणि पुढे कर्करोगही, असे २०१२ मध्ये दिसून आले.