जालन्याची पेठ, भूल आणि रक्तातील बखर

जालना जिल्हा म्हटला की इतिहासप्रेमींना १८०३ची आसईची लढाई आठवते. आज मात्र त्याच भूमीशी नाते सांगणारा, पण तलवारीविना घडलेला इतिहास पाहू.

१९५१च्या सुमारास सक्सिनिलकोलीन हे औषध शस्त्रक्रियागृहांत आले. स्नायू शिथिल करावेत, श्वासनलिकेत नळी बसवावी, आणि काही मिनिटांत औषधाचा प्रभाव ओसरावा, हा त्याचा गुण. रक्तातील ब्युटिरिलकोलिनएस्टरेज हे विकर त्याचे विघटन करते. परंतु काही रुग्णांचा श्वास तासन्‌तास परतेना! कॅनडातील वर्नर कॅलो यांनी त्याच दशकात दाखवून दिले, की दोष औषधाचा नव्हे, रुग्णाच्या अनुवंशाचा. १९५९मध्ये जर्मनीच्या फ्रीडरिश फोगेल यांनी या नव्या शास्त्राचे ‘फार्माकोजेनेटिक्स’ असे नामकरण केले.

हा दोष इराणी यहुद्यांत आढळतो, तसाच आपल्याकडील आर्यवैश्य समाजात. हा मूळचा तेलुगू व्यापारी समाज. जालन्यासह सारा मराठवाडा १९४८पर्यंत हैदराबाद संस्थानात असल्याने येथील बाजारपेठांशी त्याचे नाते जुने. समाजातील प्रत्येकाला हा दोष असतो असे मुळीच नाही. त्याचे गंभीर रूप प्रकटण्यास सदोष जनुक आई व वडील दोघांकडूनही यावे लागते.

एकाच समाजात तो का साठला? २००९मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीतील कुमारस्वामी थंगराज व लालजी सिंग, तसेच अमेरिकेतील डेव्हिड राइक आदींनी ‘नेचर’मध्ये भारतीय जनसमूहांचा अभ्यास मांडला. त्यातून दिसले, की या समाजाचे मूळ पूर्वज संख्येने थोडे होते आणि त्यांच्या वंशजांनी सुमारे दोन ते तीन हजार वर्षे बेटीव्यवहार बव्हंशी आपसांतच राखला.

जातीची बंदिस्त चौकट इंग्रजी अमदानीतच घडली, असे मानणाऱ्यांना या पुराव्याचा विचार करावाच लागेल. अर्थात विवाहाची कुंपणे किती जुनी, एवढेच जनुके सांगतात. उच्चनीचतेविषयी ती मौन पाळतात. त्यांच्याकडून अधिक वदवून घेणे हा इतिहासाशी खोटेपणा ठरेल.

म्हणूनच भूलतज्ज्ञाने ‘आपण आर्यवैश्य का? घरात कुणाचा श्वास भुलीनंतर उशिरा परतला होता का?’ असे विचारले, तर रागावू नये. उत्तर ‘होय’ असल्यास तो दुसरे औषध निवडतो. आणि चुकून तेच दिले गेले, तरी प्रभाव ओसरेपर्यंत यंत्राने श्वास चालू ठेवला की रुग्ण सुखरूप उठून बसतो.