कन्याशाळेची विसरलेली खोली

काही विषयांचा उच्चार करणे सभ्य समाजास अवघड वाटते, आणि उच्चार होत नाही म्हणूनच त्यांतील दुःख पिढ्यान्‌पिढ्या तसेच राहते. शाळेत जाणाऱ्या मुलीचा ऋतुकाल आणि त्या दिवसांत तिला लागणारी शौचालयाची मोकळीक हा असाच एक विषय होय. देवस्थानांशी निगडित कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या या पृष्ठांत तो मांडताना आमच्याही मनात क्षणभर संकोच उभा राहिला. परंतु स्त्रीशिक्षणाचा इतिहास आपण कोनशिला, देणग्या आणि पहिल्या पदवीधर स्त्रिया यांच्याच नोंदींनी लिहितो. त्या इमारतींत मुलींसाठी पाण्याची व आडोशाची एक खोली होती काय, आणि तिचे दार केव्हा उघडत असे, हे कोणी लिहून ठेवीत नाही. या विसरलेल्या खोलीचा मागोवा सुरत शहराच्या आधाराने घ्यावा, असे आम्ही योजिले आहे. कारण या इतिहासाचा आरंभ ज्या मराठी स्त्रीच्या चरित्रात दिसतो, तिची उमेदीची वर्षे तापीकाठच्या याच शहरात गेली.

ती स्त्री म्हणजे डॉ. रखमाबाई. त्यांचा जन्म १८६४ साली मुंबईत झाला. वयाच्या अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी त्यांचा विवाह लावून देण्यात आला. पुढे काही महिन्यांतच त्यांना ऋतुप्राप्ती झाली. त्या काळी ऋतुप्राप्ती म्हणजे गर्भाधानविधी आणि सासरी रवानगी, हा क्रम ठरलेला असे. ज्या दिवशी कावळा शिवला त्या दिवशी पाटी-पुस्तक मिटले, असेच बहुसंख्य मुलींच्या बाबतीत घडे. परंतु रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे स्वतः वैद्य होते. कोवळ्या वयातील गर्भाधान त्यांनी मान्य केले नाही. मुलगी माहेरीच राहिली आणि घरी बसून वाचीत राहिली. पुढे १८८४ साली पतीने न्यायालयात धाव घेतली. १८८७ मध्ये, नांदावयास जा अथवा सहा महिने तुरुंगवास भोगा, असा निकाल लागला असता रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड होऊन तो प्रसिद्ध खटला मिटला. त्यानंतर त्या विलायतेस जाऊन वैद्यकी शिकल्या, आणि १८९५ च्या सुमारास सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या. १९१८ च्या सुमारास राजकोटास जाईपर्यंत, म्हणजे वीस वर्षांहून अधिक काळ, त्यांनी सुरतेतच सेवा केली.

सुरतेच्या स्त्रिया आरंभी रुग्णालयाची पायरी चढण्यास भीत. त्यांची भीती मोडावी म्हणून रखमाबाईंनी रुग्णालयात आणलेल्या एका गाभण्या शेळीची सुटका करून दाखविली, अशी आठवण सांगतात. आपल्या देहाविषयी दुसऱ्या स्त्रीशी, वैद्याशीसुद्धा, बोलणे ज्या समाजात लाजेचे होते, तेथे त्यांना कोणत्या युक्त्या योजाव्या लागल्या असतील, हे या एका गोष्टीवरून कळून येते.

याच सुरतेत १९०७ साली बाजीगौरी मुनशी आणि शिवगौरी गज्जर या दोन विधवा स्त्रियांनी ‘वनिता विश्राम’ ही संस्था स्थापन केली. अण्णासाहेब कर्व्यांनी महिला विद्यालय काढले तेही १९०७ सालचेच. दोन्ही प्रयत्नांच्या मुळाशी स्त्रियांच्या शिक्षणाची तळमळ होती. यानंतर १९२९ साली शारदा कायदा होऊन मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरले. या साऱ्याचा एक परिणाम असा झाला की, तोपर्यंत क्वचितच दिसणारे दृश्य वर्गात नित्याचे होऊ लागले: ऋतुमती झालेली मुलगी बाकावर बसून शिकू लागली.

येथेच आमच्या इतिहासातील खरी अडचण सुरू होते. जुन्या घरात ‘बाजूला बसण्या’ची चाल होती. तीत अवहेलना होती, हे आम्ही नाकारीत नाही. थंडीपावसात माजघराबाहेर पडून राहिलेल्या आपल्या आज्या-पणज्यांनी ती सोसली आहे. तथापि त्या घरात तिच्यासाठी एक कोपरा होता, पाण्याचे वेगळे भांडे होते, कामापासून सुटका होती, आणि काय करावे हे सांगणारी एखादी आत्या किंवा मावशी होती. शाळेने तिला या चालीतून सोडविले, पण त्याऐवजी दुसरी कोणतीच व्यवस्था दिली नाही. कारण आपल्या शाळेचा नकाशा आणि शाळेचे नियम हे मूळ मुलग्यांसाठी आखलेले होते.

ते नियम वाचकांस विदित आहेतच. करंगळी वर करावयाची, साऱ्या वर्गासमोर ‘जाऊ का?’ म्हणून विचारावयाचे, आणि ‘मधल्या सुट्टीत का गेली नाहीस?’ हा प्रश्न ऐकून घ्यावयाचा. एका वेळी एकीनेच जावयाचे. कित्येक ठिकाणी शौचालयास कुलूप, आणि किल्ली शिपायाकडे अथवा कचेरीत. मुले उनाडतात, तास बुडवितात, म्हणून हे निर्बंध घातले गेले. त्यांमागे दुष्टपणा नव्हता. परंतु ऋतुस्राव मधल्या सुट्टीची घंटा पाहून होत नाही. साधारण चार-सहा तासांनी घडी किंवा पॅड बदलणे आवश्यक असते, आणि शाळेचा दिवस जाण्यायेण्यासह त्याहून मोठा असतो. परिणाम असा की, मुलगी सकाळपासून पाणी पीत नाही, लघवी तुंबवून धरते आणि मूत्रमार्गाचे दुखणे ओढवून घेते. ओढणी पुढेमागे सारीत ती बसल्या जागेवरून उठत नाही. फळ्याकडे बोलावले तर उत्तर येत असूनही ‘येत नाही’ म्हणते. अखेर महिन्यातील ते दोन-तीन दिवस घरीच राहणे तिला सोपे वाटते. हजेरीपटावर केवळ गैरहजेरी दिसते. तिचे कारण दिसत नाही.

सुरतेने स्वच्छतेचा धडा मोठी किंमत देऊन घेतला आहे. १९९४ च्या सप्टेंबरात तेथे प्लेगची साथ उद्भवली आणि लाखो माणसे शहर सोडून पळाली. पुढच्याच वर्षी आलेले महापालिका आयुक्त एस. आर. राव यांनी शहराची घाण उपसण्याचे काम कठोरपणे हाती घेतले. २०२३ च्या राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणात सुरतेने इंदुराबरोबर पहिला मान मिळविला. खानदेशातून पोटासाठी गेलेली हजारो मराठी कुटुंबे लिंबायत-उधना भागांत राहतात, आणि त्यांच्या मुलांसाठी तेथील महापालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालविते. रस्ता झाडणे हे नगराचे कर्तव्य आहे, हे आता सर्वांस पटले आहे. शाळेतील त्या लहानशा खोलीचे दार वेळेवर उघडणे हेही त्याच स्वच्छतेचे अंग आहे, ही गोष्ट मात्र अजून सर्वत्र पटलेली नाही.

कायदा या बाबतीत मागे राहिलेला नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह सक्तीचे केले. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांस मुदत घालून दिली. २०२३ च्या एप्रिलात त्याच न्यायालयाने मुलींच्या मासिक पाळीतील स्वच्छतेविषयी देशभर एकसारखे धोरण आखण्यास केंद्र सरकारला सांगितले. पण भिंती बांधल्याने दृष्टी बदलत नाही. २०२० च्या फेब्रुवारीत भूज येथील एका कन्या-महाविद्यालयाच्या वसतिगृहात, पाळीचे नियम कोणी मोडले हे शोधण्यासाठी अडुसष्ट विद्यार्थिनींची वस्त्रे उतरवून तपासणी झाली. २०२५ च्या जुलैत ठाणे जिल्ह्यातील शहापूर येथे, एका शाळेच्या शौचालयात रक्ताचे डाग दिसले म्हणून पाचवी ते दहावीच्या मुलींची तशीच झडती घेतली गेली. मुख्याध्यापिकेस व एका सेविकेस अटक झाली. दोन्ही प्रसंगी शौचालय होते, पण तेथे नेऊन मुलींची अब्रू घेतली गेली. आपणास विशेष लाज वाटावी अशी गोष्ट ही की, भूजची ती संस्था धर्मसंप्रदायाच्या अनुयायांनी चालविलेली होती.

म्हणून धर्माविषयीही दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. तैत्तिरीय संहितेत कथा आहे की, विश्वरूपाच्या वधाचे पाप इंद्राने तिघांस वाटून दिले: भूमीस, वृक्षांस आणि स्त्रियांस. रजस्वलेचे नियम तेथेच येतात. हा आधार आपण वारंवार सांगतो; पण पापाचा तितकाच वाटा उचलणाऱ्या भूमीवरच आपण मंदिर उभारतो आणि त्याच वृक्षांच्या लाकडाचा रथ करून देवास मिरवितो, हे विसरतो. तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामींनी आपल्या शिष्यांस समजाविले होते की, देहाच्या इतर द्वारांतून जसे मळ निघतात तसाच हा एक स्राव असून त्याचा विटाळ धरण्याचे कारण नाही. चोखोबांच्या सोयराबाईंनी देहाच्या विटाळाविषयी देवालाच प्रश्न केला. आणि आसामात कामाख्येच्या मंदिरात देवी रजस्वला मानून तीन दिवस दार बंद ठेवतात, ते तिला विश्रांती मिळावी म्हणून. त्यानंतर तिचे रक्तवर्णी वस्त्र भाविक प्रसाद म्हणून डोक्यास लावतात.

घरात आणि देवळात कोणती चाल पाळावी, याविषयी आमच्या वाचकांत मतभेद आहेत व राहतील. भाद्रपदात ऋषिपंचमी करणाऱ्या आमच्या माताभगिनींस आम्ही दोष देत नाही. गुजरातेतही ते व्रत सामापाचम या नावाने होते. आमचे म्हणणे एवढेच की, शाळा हे गाभारा नव्हे आणि विद्यार्थिनी ही पुजारीण नव्हे. तेथे सोवळ्याचा नियम चालविणे अप्रस्तुत, आणि तपासणी करणे हे तर पापच होय.

आपल्या देवस्थानांच्या व समाजांच्या वतीने कित्येक शाळा व वसतिगृहे चालतात. त्यांच्या विश्वस्तांनी पुढच्या सभेत इमारत-निधीचा हिशेब वाचण्यापूर्वी काही साधे प्रश्न विचारावेत. मुलींच्या शौचालयाची किल्ली कोणाकडे असते? आत पाणी, कडी आणि झाकणाची कचरापेटी आहे काय? पॅड मागावयाचे झाल्यास मुलीने कोणाकडे जावयाचे, आणि ती व्यक्ती स्त्री आहे काय? तास चालू असता कारण न सांगता उठण्याची मुलीस मुभा आहे काय? या प्रश्नांना फार खर्च लागत नाही.

रखमाबाईंच्या वेळी ऋतुप्राप्ती झाली की शाळेचे दार बंद होई. ते दार उघडण्यास न्यायालय, कायदा आणि दोन पिढ्यांचे कष्ट लागले. आतील लहान दाराचे कुलूप काढण्यास एका मुख्याध्यापिकेची संमती आणि एका विश्वस्ताची सूचना पुरे आहे. ती सूचना आपल्या समाजाच्या शाळांपासून व्हावी, अशी आमची विनंती आहे.